सई परांजपेंचा कुठला पिक्चर दाखवू? विडीवाल्या बायकांसाठी (लांबलचक आहे, सांभाळून घ्या)

शेंगाचटणी
नमस्कार मंडळी. आमच्या आईच्या बचत गटाच्या बायका महिन्यातून एकदा सोलापूरजवळ कुंभारीच्या घरकुलात (विडी कामगारांची वसाहत) जमतात. पंचवीस-तीस जणी असतील. जवळजवळ सगळ्या विड्या करणाऱ्या, निम्म्या जणी घरात तेलुगू बोलणाऱ्या. हप्ते गोळा झाले, वही झाली की मग नुसत्या गप्पा. मागच्या वेळी मी सहज म्हटलं की माझ्या ऑफिसातला प्रोजेक्टर आणते, एक पिक्चर बघू या. सगळ्या हो म्हणाल्या आणि आता मी फसलेय.

कारण मला सई परांजपेंचाच पिक्चर दाखवायचाय. त्यांचं आत्मकथन 'सय' वाचून झाल्यापासून मी त्यांच्यात अडकलेय. पण कुठला? आमच्या घरात दोन पार्ट्या पडल्यात. नवरा म्हणतो चश्मेबद्दूर, हसतील आणि घरी जातील. माझा भाऊ म्हणतो 'दिशा', कारण त्यात गिरणी आहे, गावाकडची विहीर आहे आणि विड्याही आहेत, आणि सोलापुरात तो नाही दाखवायचा तर कुठं दाखवायचा. आई म्हणते काहीही लाव, पण साडेआठच्या आत संपव.

शिवाय आधी दहा मिनिटं बाईंबद्दल बोलायचंय. दिग्दर्शिका, लेखिका, नाटककार, एवढं सगळं दहा मिनिटांत कसं बसवू? सुचवा.

पार्कचौक८२
चश्मेबद्दूर. विषय संपला. धागा बंद करा.

कडक_भाकरी
दिशा लावू नका ओ ताई. दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या करायच्या आणि संध्याकाळी परत पडद्यावर विड्याच बघायच्या? मी बँकेत आहे, मला कुणी रविवारी बँकेचा पिक्चर दाखवला तर मी उठून जाईन.

मिलचा_भोंगा
कडक_भाकरी, माझं उलट मत आहे. माझे वडील लक्ष्मी-विष्णूत होते, मिल बंद पडली तेव्हा मी नववीत. आमच्या गल्लीवर कुणी कधी पिक्चर काढला नाही, कादंबरी नाही, काही नाही, जे काय असायचं ते लालबाग-परळचं. त्यामुळं 'दिशा' बघितला तेव्हा मी गपच बसलो. १९९० चा पिक्चर, नाना पाटेकर, रघुवीर यादव, ओम पुरी, शबाना. गावात पाणी नाही म्हणून माणूस मुंबईला मिलमध्ये जातो आणि एका खोलीत किती जण झोपतात ते बघून येतो. इकडं गावात ओम पुरी विहीर खणत बसलाय, वर्षानुवर्षं, लोक त्याला येडा म्हणतात. आमचे एक चुलते मंगळवेढ्याकडं असंच बोअरवर बोअर मारत बसले होते, त्यांची आठवण आली. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हा पिक्चर समजावून सांगावा लागत नाही.

पार्कचौक८२
विहिरीला पाणी लागतं का शेवटी?

मिलचा_भोंगा
बघ की मग. सगळं इथंच सांगू का बे.

तिसरी_घंटा
दहा मिनिटांच्या भाषणाबद्दल. आजोबांपासून सुरू करू नका ही हात जोडून विनंती. सगळे तिथूनच सुरू करतात, रँग्लर परांजपे, केंब्रिजला पहिले आले, मग ऑस्ट्रेलियात हाय कमिशनर, आणि तोपर्यंत पुढच्या रांगेतल्या आजी पेंगायला लागतात. सईबाईंनी आठव्या वर्षी गोष्टींचं पुस्तक काढलं, 'मुलांचा मेवा', तिथून सुरू करा. प्रत्येकीच्या घरात आठ वर्षांचं एक नातवंड असतंच.

अक्कलकोटकरीण
आणि अभिनेत्री पण होत्या ना त्या? व्ही. शांतारामांच्या 'कुंकू'त होत्या बहुतेक. विधवा समाजसेविकेचा रोल.

तिसरी_घंटा
अक्कलकोटकरीण, कुंकू १९३७ चा. सईबाईंचा जन्म मार्च १९३८ चा. जन्माच्या आधी डेब्यू हा विक्रम होईल :)

त्या त्यांच्या आई, शकुंतला परांजपे. म्हाताऱ्या नवऱ्याची मोठी मुलगी सुशीला, ती त्यांनी केली. शांता आपटे, केशवराव दाते आणि त्या.

अक्कलकोटकरीण
अरे देवा. वीस वर्षं मी हे चुकीचं सांगत आले लोकांना.

डफरीनचौक_कर
शांतारामांचा विषय निघालाच आहे तर सोलापूरकरांनी एक मिनिट उभं राहायला पाहिजे. डॉ. कोटणीस आपले. १९४६ ला शांतारामांनी त्यांच्यावर पिक्चर काढला आणि कोटणीसांचं काम स्वतःच केलं. भैय्या चौकातलं स्मारक बघितलंय का कुणी आतून जाऊन? मी जन्मापासून इथं आणि पहिल्यांदा गेलो ते चाळिशीत, ते पण पुण्याहून पाहुणे आले म्हणून.

पार्कचौक८२
शशिकला पण सोलापूरच्या. अतुल कुलकर्णी आपले. नागराज करमाळ्याचा. बास का अजून सांगू?

डफरीनचौक_कर
सांग की. इथं बसून दुसरं काय करलालाव आपण.

कडक_भाकरी
धागा भरकटलालाय.

अक्कलकोटकरीण
मी परत येते कारण माझ्या चुकीमुळं एक कामाची गोष्ट निघाली. शेंगाचटणी, तुम्ही भाषणात आईबद्दल बोलाच. शकुंतलाबाईंनी र. धों. कर्व्यांबरोबर कुटुंबनियोजनाचं काम केलं, तेही तीसच्या दशकात, जेव्हा हा शब्द चारचौघांत उच्चारायची पण चोरी. वर लिहायच्या, सिनेमात काम करायच्या, नंतर राज्यसभेवर नेमल्या गेल्या, १९९१ ला पद्मभूषण. रशियन चित्रकाराशी लग्न केलं, ते टिकलं नाही, आणि मुलीला घेऊन वडिलांकडं आल्या. तुमच्या गटात अशा किती जणी असतील हो, नवरा सोडून पोरीला घेऊन माहेरी आलेल्या? त्यांना ही बाई कळेल. पाच मिनिटं तिच्यावर आणि पाच लेकीवर.

सातरस्ता
इथंच माझी अडचण आहे. माहेरी आल्या खऱ्या, पण ते माहेर रँग्लर परांजप्यांचं होतं. बंगला, पुस्तकं, लहानपणी ऑस्ट्रेलिया. आमच्या साखर पेठेतली बाई माहेरी येते तेव्हा भावजय दुसऱ्या दिवशी विचारते किती दिवस राहणार म्हणून. मला सई परांजपेंचे पिक्चर आवडतात, चश्मेबद्दूर पंधरा वेळा बघितला असेल, पण विडी करणाऱ्या बायकांपुढं उभं राहून 'बघा ही बाई कशी पुढं गेली' असं सांगू नका. तिला जिना होता. इथं शिडी पण नाही.

तिसरी_घंटा
सातरस्ता, मुद्दा मान्य. पण जिना असूनही न चढणारे मी पुष्कळ बघितलेत, आमच्याच घरात आहेत :) जिना होता, पण पुढं काय केलं ते बघा ना. पुणे आकाशवाणीवर निवेदिका, मुलांचे कार्यक्रम, मुलांची नाटकं लिहिली आणि बसवली, 'पत्तेनगरी' वगैरे. मग दिल्लीला नॅशनल स्कूल ऑफ ड्रामा, अल्काझींच्या हाताखाली, १९६३ ला बाहेर पडल्या. मग दूरदर्शन. टीव्हीच्या नोकरीत वर्षानुवर्षं रोजचं काम उपसलं आणि पहिला मोठा पिक्चर आला तेव्हा चाळिशी उलटलेली. आणि तो पहिला पिक्चर, 'स्पर्श', राष्ट्रीय पुरस्कार मिळाले तरी थिएटरात लागायला १९८४ उजाडलं. दुसरा (चश्मेबद्दूर, १९८१) आणि तिसरा (कथा, १९८३) आधी लागून गेले आणि पहिला मागून आला. स्वतःचं थोरलं पोर घरात कोंडून ठेवून धाकटी दोन शाळेत जातायत असं झालं असेल.

सातरस्ता
हे मला माहीत नव्हतं. बरं, अर्धा मुद्दा मागं घेतो. अर्धाच.

पांढरी_काठी
नमस्कार. मी फारसं लिहीत नाही इथं, पण स्पर्शचं नाव निघालं म्हणून. मी अंध मुलांच्या शाळेत सोळा वर्षं शिकवतो, स्वतः मला एका डोळ्यानं थोडं दिसतं. अंध माणसावरचे पिक्चर म्हणजे काय असतं हे तुम्हाला माहीत आहे, गाणं म्हणतो, अडखळतो, शेवटी ऑपरेशन होतं आणि पहिल्यांदा आईचा नाहीतर हिरोइनीचा चेहरा दिसतो. 'स्पर्श'मध्ये असलं काही नाही. नसीर एका अंधशाळेचा मुख्याध्यापक आहे, हुशार आहे, आणि सरळ सांगायचं तर थोडा खडूस आहे. कुणी हात धरायला आलं की त्याला राग येतो. शबाना त्याच्यावर प्रेम करते आणि त्याला सारखी शंका, की हे प्रेम आहे की दया. ही शंका माझ्या ओळखीच्या प्रत्येक अंध माणसाला लग्नाच्या वेळी आलेली आहे. मलाही आली होती. माझी बायको म्हणाली, तुझी दया यायला तू जरा गरीब स्वभावाचा तरी पाहिजेस.

दिल्लीतल्या खऱ्या अंधशाळेत शूटिंग केलंय आणि मुलं पण खरी तिथलीच. ती मुलं ज्या पद्धतीनं दंगा करतात ना, ते कुठल्या नटाला शिकवून येत नाही. आमच्या पोरांना मी तो ऐकवलाय, हो, ऐकवलाय. मध्ये मध्ये मी सांगत होतो आता काय दिसतंय ते, तर एक पोरगं म्हणालं सर तुम्ही गप्प बसा, आम्हाला कळतंय.

शेंगाचटणी
पांढरी_काठी सर, हे वाचून मी ऑफिसात हसले आणि मग गप्प झाले. तुमच्या बायकोला नमस्कार सांगा.

पार्कचौक८२
आता स्पर्श पण यादीत आला. ताईंचं काम वाढलं.

विजापूरवेस
कुणी थिएटरात बघितलाय का हो यातला एखादा? मी चश्मेबद्दूर भागवतला बघितला. चार थिएटर एका आवारात, त्यामुळं एकाचं तिकीट संपलं की पब्लिक दुसऱ्यासमोर उभं राहायचं, घरातून निघताना एक पिक्चर आणि आत गेल्यावर भलताच. मी अमिताभसाठी गेलतो, हाऊसफुल्ल. मित्र म्हणाला ह्याचं मिळतंय, चल. दोघांनी तोंड वाकडं करून तिकीट काढलं. मारामारी नाही, व्हिलन नाही, तीन पोरं एका खोलीत सिगारेटी ओढलालेत आणि पानवाल्याची उधारी तुंबवलालेत. इंटरव्हलपर्यंत आम्ही सीटवरून खाली यायच्या बेतात होतो हसून हसून. ती दीप्ती नवल साबणाची पावडर विकायला येते, चमको, तो सीन. नंतर दोन वर्षं आमच्या गल्लीत प्रत्येक सेल्समनला आम्ही चमको म्हणायचो. आणि तो पानवाला, सईद जाफरी! आमच्या नव्या पेठेतल्या पानवाल्याकडं माझी पण तशीच उधारी होती. फरक एवढाच की तो हसायचा नाही.

कडक_भाकरी
२०१३ ला त्याचा नवा काढला होता ना कुणीतरी. आणि त्याच दिवशी जुना पण स्वच्छ करून परत लावला. मी पुण्यात होतो तेव्हा, मित्रमंडळी नव्याला गेली, मी जुन्याला. बाहेर येऊन एकमेकांची तोंडं बघितली. जास्त काही बोलत नाही.

गड्ड्याची_जत्रा
सगळे हिंदीचंच बोलताय. बाईंची मराठी नाटकं कुणी काढलीच नाहीत. आम्ही कॉलेजात 'सख्खे शेजारी' बसवलं होतं, मी शेजारीण. हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग, पहिल्या अंकात फोनची रिंग वाजायच्या जागी लाइटवाल्यानं स्टेजवरचा दिवाच घालवला. अंधारात आम्ही दोन मिनिटं डायलॉग म्हणत होतो आणि लोक हसत होते, त्यांना वाटलं असंच आहे. एवढं सांगते की बाईंचं लिखाण अंधारात पण चालतं.

पार्कचौक८२
म्हणजे स्पर्शवाल्या सरांचा मुद्दा सिद्ध झाला.

पांढरी_काठी
:) :)

बारा_बंदी
गड्ड्याची_जत्रा म्हणतात तसं, नाटक विसरून चालणार नाही. 'जास्वंदी' वाचा. नवरा धंद्यात बुडालेला, मोठं घर, मांजरं आणि एकटी बाई. हलकंफुलकं लिहिणारी म्हणून जिचं नाव झालं तिनंच हे लिहिलंय यावर विश्वास बसत नाही पटकन. आणि अजून एक. 'कथा' पण मुळात मराठी नाटकावरून, एस. जी. साठ्यांचं 'ससा आणि कासव'. हिंदीत गेलं तरी चाळ मराठीच राहिली.

सातरस्ता
'दिग्दर्शिका-लेखिका-अभिनेत्री' असं तिन्ही एकत्र म्हणायचं तर माझ्या मते सगळ्यात आधी फातमा बेगम. १९२६ ला 'बुलबुल-ए-परिस्तान', स्वतःची कंपनी, स्वतः लिहायच्या, स्वतः काम करायच्या. भारतातली पहिली दिग्दर्शिका. मुलगी जुबेदा 'आलम आरा'ची हिरोइन. परत बघा, आई आणि लेकच.

बारा_बंदी
चांगली आठवण. पण तो पिक्चर आता बघायला मिळत नाही हेच दुखणं. लिहिलेलं उरतं, फिल्म जळून जाते नाहीतर विरून जाते.

डफरीनचौक_कर
आणि सुमित्रा भावे? त्यांना कसं विसरता. त्या मुळात समाजकार्याच्या प्राध्यापक, झोपडपट्टीतल्या बायकांवर काम करता करता पिक्चरकडं वळल्या. तुमच्या गटाला त्या जास्त जवळच्या वाटतील.

शेंगाचटणी
डफरीनचौक_कर, त्यांचा नंबर पुढच्या वर्षी. आधी हा एक तर पार पडू द्या.

मी काल आईला विचारलं की दिशा लावू का, त्यात विड्या करणारी बाई आहे. आई म्हणाली, "शबाना विडी करती? नखं वाढलेली असतील तिची." (विड्या करणाऱ्यांना माहीत असेल, टोक मुडपायला नख लागतं, पण वाढलेलं नख पानाला लागलं की पान फाटतं.) मग म्हणाली लाव तुला पाहिजे ते, पण रडारड नको, सोमवारी पुन्हा कारखान्याला माल द्यायचाय.

मिलचा_भोंगा
रडारड नाही त्यात. म्हणजे आहे, पण सईबाईंच्या पद्धतीची. मुंबईच्या खोलीतले पण सीन असे आहेत की हसू येतं आणि मग आपण कशाला हसलो असं वाटतं. बाकी ताई तुमच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही, पण बायकांना काय सोसवंल हे आपण इथं बसून ठरवू नये. जुनी मिल बंद पडली तेव्हा, मग नरसिंग गिरजी गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, तेव्हा घरं कुणी चालवली? बापे पारावर बसले आणि बायकांनी सूप मांडीवर घेतलं. आमच्या आईनं पण. अठरा वर्षं. हजार विड्या पूर्ण करायला सकाळी सहाला बसायची आणि वर छाट (नापास विड्या) निघाली की तेवढी मजुरी गेली. तिला एक पिक्चर जड जाणार आहे का?

कडक_भाकरी
भोंगा भाऊ, मी जड जाईल असं नाही म्हटलो. मी म्हटलो सुट्टी असू द्या. माझी आजी पण विड्याच करायची, दत्तनगरला. तिला टीव्हीवर फक्त रामायण आणि कुस्ती आवडायची. गरिबीचा पिक्चर लागला की म्हणायची, "बंद कर, ते घरातच हाय."

मिलचा_भोंगा
आजीपुढं मी हरलो. कुस्ती लावा.

विजापूरवेस
कुस्तीला माझं अनुमोदन.

गड्ड्याची_जत्रा
मग 'कथा' लावा ना! दोन्हीच्या मधला आहे. चाळ आहे, शेजार आहे, बायका आहेत, भांडणं आहेत, हसायला आहे. फारूख शेख ससा, नसीर कासव. थापा मारून सगळ्यांना गुंडाळणारा बाशू, आणि खालमानेचा राजाराम, ज्याला नोकरीत पर्मनंट झाल्याचा आनंद सांगायला पण कुणी थांबत नाही. दीप्ती नवल बाशूवर भाळते, तो तिला सोडून पळून जातो, आणि शेवटी तिचं सगळं कळूनही राजाराम तिला हो म्हणतो. यावर बायकांचं जे भांडण जुंपेल ना, ते पिक्चरपेक्षा भारी असेल. आणि बाईंची मुलगी विनी पण आहे त्यात, छोट्या कामात.

पुणेकर_पण_बरा
आगंतुकाचे दोन पैसे. गड्ड्याची_जत्रा यांचं बरोबर आहे, पण एक बघा, 'कथा'मध्ये कासव शर्यत जिंकतं असं सईबाई म्हणतच नाहीत. मुलगी मिळते, पण बाशू कुठं हरला? तो पुढच्या गावी नवीन थापा मारायला मोकळा. गोष्टीतल्यासारखं सशाला झोप लागत नाही आजकाल. मला ते त्यांचं सगळ्यात कडू काम वाटतं, आणि लोक कौटुंबिक विनोदी म्हणून बघतात.

पार्कचौक८२
पुण्याचे असून बरं बोललात.

पुणेकर_पण_बरा
नाव उगाच घेतलेलं नाही.

बारा_बंदी
तेलुगू बोलणाऱ्या आज्यांना हिंदी कळेल का, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

शेंगाचटणी
कळतं ओ. हिंदी सीरियलच्या सुना-सासवा पाठ आहेत त्यांना. आमच्या शेजारच्या अक्का मराठीत भांडतात, तेलुगूत रडतात आणि हिंदीत टोमणे मारतात.

ठरलं. कथा. भाषणात आठ वर्षांची मुलगी, तिची आई, आकाशवाणी, आणि थोरलं पोर कोंडून ठेवल्याची गोष्ट. रँग्लर एका वाक्यात. लावून आले की सांगते.

सातरस्ता
पद्मभूषण सांगा हं, २००६ चं. आईला पण आणि लेकीला पण, हे बायकांना आवडेल.

कडक_भाकरी
आणि खायला काय? उपाशी पोटी सई परांजपे नको.

शेंगाचटणी (तीन आठवड्यांनी)
उशीर झाला, माफ करा. झाला एकदाचा कार्यक्रम.

आधी भाषण. दहा मिनिटांचं सात मिनिटांत आटोपलं कारण मध्येच चहा आला. आठ वर्षांच्या मुलीचं पुस्तक म्हटल्यावर दोघीतिघींनी आपापल्या नातवंडांचं कौतुक सुरू केलं, तिथंच तीन मिनिटं गेली. शकुंतलाबाईंचं कुटुंबनियोजन सांगितलं तेव्हा एकदम शांतता, आणि मग मागून एकजण, "तेव्हाच आमच्या सासूला भेटायला पाहिजे होती ती." ती नऊ जणांतली सातवी सून आहे. अख्खा हॉल हसला. अक्कलकोटकरीण, हे श्रेय तुमचं.

पिक्चर. चाळ दिसल्याबरोबर कुजबुज, ही तर आपल्या जुन्या चाळीसारखी आहे, असाच कठडा होता, अशीच दोरी बांधायचो. घरकुल मिळायच्या आधी सगळ्या तशाच खोल्यांत होत्या, त्यामुळं अर्धा तास पिक्चर कमी आणि कुणाची खोली कुठं होती हेच जास्त. बाशू आला आणि पाचव्या मिनिटाला एक मावशी मोठ्यानं म्हणाल्या, "ह्याला मी ओळखते." त्यांच्या गल्लीत असाच एक होता म्हणे, गोड बोलून भिशी चालवायचा, बावीस जणींचे पैसे घेऊन गेला. मग दोन तास बाशू पडद्यावर आला की शिव्या, मराठीत आणि तेलुगूत. फारूख शेख एवढा देखणा माणूस, पण कुणालाही दया आली नाही.

शेवटावर भांडण जुंपलंच. निम्म्या म्हणाल्या राजाराम देवमाणूस. निम्म्या म्हणाल्या त्यात काय देवमाणूस, त्याला तरी दुसरी कोण देत होतं. आणि एक अगदी कमी बोलणारी आहे, पंचवीस-सव्वीसची, मुलीला घेऊन माहेरी राहते, ती म्हणाली, "तिनं दोघांना पण नाही म्हणायला काय झालं होतं?" त्यावर कुणी काही बोललं नाही. माझी आई तिच्याकडं बघत राहिली आणि मग तिला अजून एक भजं दिलं.

साडेआठ वाजून गेले. नऊ वाजले. कुणी उठेना.

मिलचा_भोंगा
वा. आणि दिशाचं?

शेंगाचटणी
तेच सांगणार होते. निघताना मी सहज सांगितलं की ह्याच बाईंचा अजून एक पिक्चर आहे, त्यात विड्या आहेत, पण म्हटलं तुम्हाला सुट्टी असावी म्हणून नाही लावला. सगळ्यात म्हाताऱ्या अक्का चप्पल घालता घालता थांबल्या. बेचाळीस वर्षं विड्या केल्यात त्यांनी, बोटं वाकडी झालीत.

"तुला कोण म्हटलं सुट्टी पायजे म्हणून?" म्हणाल्या. "पुढच्या महिन्याला तो लाव. ती शबाना पान कसं कापती ते बघायचंय मला. कात्री धरता येती का बघू."

कडक_भाकरी
हरलो. प्रोजेक्टर उचलायला येतो पुढच्या वेळी.

पार्कचौक८२
अक्कांनी शबानाची छाट किती काढली ते कळवा.